काटोल ते मुलताई

वाचकहो, या धड्यात आपण एक प्रवास करू. काटोलहून निघायचे, जलालखेड्यापुढे वर्धा नदी ओलांडायची, वरुड गाठायचे आणि सातपुडा चढून मध्यप्रदेशातल्या मुलताईला पोचायचे. हा रस्ता आमच्या पायाखालचा आहे. वाटेत काय पाहावे आणि काय वाचावे, ते सांगतो.

काटोल सोडले की संत्र्यांच्या बागा लागतात. मधून मधून पऱ्हाटी आणि तूर दिसते. काटोलची जाम नदी जलालखेड्याजवळ वर्धेला मिळते. संगमापलीकडे आमनेरचा जुना किल्ला आहे. आज वर्धेचा पूल ओलांडला की नागपूर जिल्हा संपतो आणि अमरावती जिल्हा लागतो, एवढेच. पण एके काळी इथे राज्य बदलत असे. १८०३ साली देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड मुलूख भोसल्यांच्या हातून गेला व निजामाकडे आला. अलीकडे भोसले, पलीकडे निजाम, आणि मधे ही नदी!

वरुडपर्यंत पुन्हा संत्र्यांचा मुलूख. पुढे मुलताईचा रस्ता धरला की जमीन उंचावू लागते. बागा विरळ होतात, काळे खडक वर येतात. रस्ता वळणे घेत चढतो. काटोल समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे, तर मुलताई सुमारे ७५० मीटर. गाडी का कण्हते, ते आता कळले ना?

या चढावर आजची राज्याची हद्द आहे. ही हद्द फार जुनी नाही बरे का. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी काटोल, वरुड आणि मुलताई एकाच मध्यप्रदेशात होती, आणि राजधानी होती नागपूर! त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला, मुलताई मध्यप्रदेशात राहिली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. हद्द सरकली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. मुलताईकडे घरात मराठी बोलणारी कितीतरी कुटुंबे आजही आहेत.

मुलताईला तापीचे कुंड आहे. तापी इथून निघते आणि पश्चिमेला सुरतेजवळ समुद्राला मिळते. वर्धाही याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, पण ती दक्षिणेकडे वळते. तिचे पाणी शेवटी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्रात जाते. एकाच तालुक्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो!

आता कामाची गोष्ट. हद्दीने पाणी अडत नाही, पण कागद अडतो. आपल्याकडे शेताचा सातबारा असतो, पलीकडे खसरा असतो. कचेरी वेगळी, अर्ज हिंदीत. मुलगी पलीकडे दिली असेल, तर लुगड्या-भांड्यांबरोबर तिचा जन्माचा आणि शाळेचा दाखलाही द्या. नाहीतर एका दाखल्यासाठी तिला माहेरच्या गावी खेपा घालाव्या लागतात, आणि त्या दिवसांची मजुरी बुडते.

हिंदीच्या कागदाला भिऊ नका. तुम्ही शिकलात तीच अक्षरे तिथे आहेत. एक 'ळ' तेवढा हिंदीत सहसा नसतो. आपले 'फळ' तिथे 'फल' होते, 'नळ' तिथे 'नल' होतो. मुलताई हे नावही तापीच्या मुळावरूनच पडले, असे सांगतात. म्हणून पाटी लागली की वाचा, कागद हाती आला की वाचा. न वाचता अंगठा देऊ नका. हद्दीच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही.

लिहा पाहू :

१. जाम नदी कोणत्या नदीला मिळते?
२. १९५६ पूर्वी काटोल आणि मुलताई कोणत्या राज्यात होती?
३. तुमच्या घरातले कोणी हद्दीपलीकडे राहते काय? त्यांच्या गावाचे, तालुक्याचे व जिल्ह्याचे नाव लिहा.
४. आपल्या घरातील दाखल्यांची यादी करा. कोणता दाखला नाही, तेही लिहा.