गरवलेला मासा कच्चा खायचा असेल तर

साशिमी आता पुण्या-मुंबईत सहज मिळते, त्यामुळे रॉड-रील घेऊन खडपावर उभं राहणाऱ्यालाही वाटतं की आपला मासा तसाच कापून खावा. खाता येतो, पण मोजकेच मासे आणि तेही तयारी असेल तर. मासा ताजा आहे म्हणजे कच्चा चालेल, हा समज आधी सोडा. जंत ताज्या माशातही असतात.

सुरुवात निवडीपासून. नदी, तलाव, धरण यांतला कुठलाच मासा कच्चा खायचा नाही. मरळीसारख्या माशांतून माणसाच्या अंगात फिरणारे जंत येतात. ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातले मासे कच्चे खाण्याच्या सवयीतून यकृतात चपटे जंत होतात आणि पुढे पित्तनलिकेचा कर्करोगही होतो. खाडीतला जिताडा, शेवटे, बोय यांनाही हाच नियम लावा. तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून जगतात, म्हणजे खाडीत जे सोडलं जातं तेही त्यांच्या पोटात जातं. केंड लागला तर तो शिजवूनही खायचा नाही, त्याचं विष उकळून जात नाही. मग उरतात खुल्या समुद्रातले सुरमई, कुपा, तांबोशी आणि माकूल.

घरून निघतानाच पेटीत भरपूर बर्फ घ्या. दोन भाग बर्फ आणि एक भाग स्वच्छ समुद्राचं पाणी असं गार पाणी करा. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा त्यात मासा लवकर थंड होतो. कारखान्यातली लादी खाण्यायोग्य पाण्याची असेलच असं नाही, म्हणून मासा पिशवीत घालूनच बुडवा. 2018 पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा रंग घालायला सांगितलं आहे, तेव्हा रंग बघून घ्या.

मासा वर आला की त्याला तडफडू देऊ नका. जपानी कोळी करतात तसं टोकदार सळीने डोळ्याच्या मागे, किंचित वर, मेंदूत टोचा. नेम बरोबर बसला तर मासा एकदम थरथरतो, पंख ताठ होतात, तोंड उघडतं आणि मग सगळं अंग सैल पडतं. लगेच कल्ल्यांजवळची रक्तवाहिनी कापून मासा बादलीतल्या समुद्राच्या पाण्यात धरा. रक्त येणं थांबलं की पोट फाडून आतडी अख्खी बाहेर काढा. हे तिथल्या तिथे करायचं, घरी गेल्यावर नाही. अॅनिसाकिस नावाच्या जंताच्या अळ्या आधी आतड्यांवर असतात आणि मासा मेल्यावर मांसात शिरू शकतात. अळी पांढुरकी असते, दोन-तीन सेंटीमीटर लांब, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळं करून बसलेली. कण्याखालचा काळपट रक्ताचा पट्टाही खरवडून काढा आणि मासा गार पाण्यात टाका.

सुरमई, बांगडा, कुपा यांच्या बाबतीत हा वेळ फार महत्त्वाचा. हे मासे चार अंशांच्या वर राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. तोंड लाल होतं, डोकं दुखतं, छातीत धडधडतं. हिस्टामिन गोठवून जात नाही आणि तळूनही जात नाही.

घरी खवले आणि कातडं काढण्याची पाटी वेगळी ठेवा, मांस कापण्याची वेगळी. मांस नळाखाली धुऊ नका, कागदाने टिपून घ्या. तुकड्या उजेडासमोर धरून अळ्या दिसतात का बघा, पण दिसल्या नाहीत म्हणजे नाहीतच असं नव्हे.

म्हणून गोठवणं चुकवता येत नाही. अमेरिकी नियमाप्रमाणे उणे 20 अंशांवर सात दिवस. घरातला फ्रीझर साधारण उणे 18 वर चालतो आणि दार उघडलं की तापमान आणखी वर चढतं, तेव्हा आत थर्मामीटर ठेवून खात्री करा. तुकड्या पातळ करून एका थरात पसरा. माकूलही गोठवा, नरम होतो हा वरचा फायदा. पिवळ्या पंखांच्या मोठ्या ट्यूनाला या नियमातून सूट आहे, पण तो आपल्या खडपावरून लागत नाही. लिंबू, व्हिनेगर, वसाबी यांनी जंत मरतात ही गोष्ट खोटी आहे. गोठवण्याने जंत मरतात, जिवाणू नाही. त्यामुळे मासा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवून वितळवा, त्याच दिवशी संपवा. गर्भवती, लहान मुलं, वयस्क, यकृताचे किंवा मधुमेहाचे रुग्ण यांना कच्चा वाढूच नका.

एवढं जमणार नसेल तर रवा लावून तव्यावर टाका. आतपर्यंत 63 अंश तापलं की जंत मरतात. मात्र तासन्‌तास उन्हात पडलेला बांगडा तळूनही खाऊ नका, फेकून द्या.