गाड्यांना गॅरेज हवंय

आईबाबांनो, तुमची तक्रार मला पाठ झाली आहे. दर महिन्याला एक नवी छोटी गाडी, आधीच्या सगळ्या डब्यात कोंबलेल्या आणि रात्री पाणी प्यायला उठलं की नेमकी एक पायाखाली. ‘आता एकही मिळणार नाही’ असं जाहीर करण्याआधी एक करून बघा. पुढची गाडी मागितली की मुलापुढे एक रिकामं खोकं ठेवा आणि विचारा, ‘या आहेत त्या बिघडल्या तर जातात कुठे?’

त्या खोक्याचं गॅरेज करायचं. हा विषय मी मुद्दाम सुचवतेय. आपल्याकडे गॅरेजचं नाव निघतं ते बहुधा धाक दाखवायला. ‘अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात पाने पुसत बसशील’ हे कानावर न पडलेलं मूल विरळाच. मुलांना मात्र ती जागा भारी वाटते, कारण तिथे गाडीचं पोट उघडं दिसतं. पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा लेकराला बरोबर न्या. मेकॅनिककाकांना विचारून, कामात लुडबुड होणार नाही अशा कोपऱ्यात अर्धा तास उभं राहू द्या. तुम्हीही मोबाइल खिशात ठेवा.

मग काय काय दिसतं बघा. पाने भिंतीवर मापाने लावलेले असतात, पण 12-13चा खिळा रिकामा. तो पाना कुणाच्या तरी हातात असतो. जमीन सगळीकडे सारखी काळी नसते, इंजिन जिथे येतं तिथे जास्त काळी. ट्यूबलाइटच्या पट्टीला जळमटं, देवाच्या तसबिरीखाली उदबत्तीची राख, कोपऱ्यात टायरांची चवड. दसरा होऊन गेला असेल तर जॅकवर झेंडूची वाळलेली माळसुद्धा. क्वचित तुमच्या मुलाच्याच वयाचा एखादा पोरगाही दिसेल आणि घरी येताना प्रश्न येईल, ‘तो शाळेत का जात नाही?’ तेव्हा विषय बदलू नका. 14 वर्षांखालच्या मुलाला असं कामाला ठेवणं कायद्याने बंद आहे आणि तरीही तो तिथे आहे, एवढं खरं सांगा.

घरी आल्यावर मापाचा प्रश्न येतो, आणि इथे खरी गंमत आहे. पाकिटातल्या छोट्या गाड्या साधारण 1:64 मापाच्या धरतात, म्हणजे खऱ्या वस्तूची लांबी भागिले 64. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची लांबी 3.9 मीटर, ती इथे 6 सेंटिमीटर होते. दहा फुटी शटर पावणेपाच सेंटिमीटरचं, मेकॅनिक जेमतेम 2.6 सेंटिमीटरचा. मुलाचं पहिलं दार इतकं उंच होईल की त्यातून विमान आत जावं. करू द्या. मग कागदाचा 2.6 सेंटिमीटरचा माणूस त्या दारात उभा करायला सांगा. पुढचं तो स्वतःच बघून घेईल. भागाकाराला कंटाळणारी मुलं इथे पट्टी सोडत नाहीत.

मोजता मोजता त्याला आणखी एक शोध लागेल: पाकिटातली बस आणि पाकिटातली कार जवळजवळ सारख्याच लांबीच्या! म्हणजे कारखान्यानेच मापात लबाडी केली. त्याला एक कारण आहे. इंग्लंडमध्ये 1953 साली मॅचबॉक्स गाड्या निघाल्या, त्यामागे जॅक ओडेल या कारागिराची मुलगी होती असं सांगतात. काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं शाळेत आणायची परवानगी होती, म्हणून त्याने तिला चिमुकला रोडरोलर करून दिला. तेव्हापासून या गाड्यांची लांबी ठरते ती डबीवरून. मापाचं ज्याला वेडच लागेल त्याला पुढे 1:24ची गाडी द्या. ती पद्मिनी 16 सेंटिमीटरची होते आणि वीतभर पाना 8 मिलिमीटरचा, म्हणजे पुठ्ठ्यातून कापता येतो. 1:64मध्ये तोच पाना 3 मिलिमीटरचा. तो भिंतीवर पेन्सिलीने काढायचा आणि गप्प बसायचं.

सामान घरातच मिळतं. जुन्या स्केचपेनचा साधारण 1.4 सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे 1:64मधलं 200 लिटरचं ऑइलचं पिंप. छताच्या पत्र्यासाठी खोक्याचा पुठ्ठा घ्या, वरचा कागद ओल्या फडक्याने भिजवून हलकेच सोला. खालून नालीदार पत्रा बाहेर येतो. त्याला राखाडी रंग द्यायचा. आता गंज. स्पंजच्या तुकड्याने तपकिरी आणि नारिंगी टिपायचा हे कुणीही सांगेल, पण मुलं तो पत्राभर सारखा टिपतात आणि पत्रा गोवर आल्यासारखा दिसतो. मुलाला खिडकीत न्या आणि समोरच्या शेडचा पत्रा दाखवा. गंज खिळ्यापाशी धरतो, पाण्याबरोबर ओघळतो, खालच्या कडेला साचतो. हे एकदा दिसलं की हात आपोआप वरून खाली फिरायला लागतो. ऑइलचा डाग त्याहून सोपा: काळ्या पोस्टर रंगात थोडा फेविकॉल, वाळला तरी ओला दिसतो. वापरलेली चहापत्ती वाळवून भुरभुरली की दारातली माती झाली.

आता तुमच्या हातांविषयी. शाळेचा प्रोजेक्ट रात्री अकरा वाजता बाबा पूर्ण करतात आणि मूल बाजूला झोपलेलं असतं, हा प्रकार आपल्याकडे इतका रुळलाय की शिक्षकांनाही त्याचं काही वाटेनासं झालंय. गॅरेजला तुम्ही हात लावायचा तो फक्त कटर आणि सुपरग्लूसाठी. दिवाळीत अंगणातल्या किल्ल्याचा बुरूज कलला तर आपण तो सरळ करायला धावत नाही. इथेही तेवढी मोकळीक द्या. भिंत वाकडी असेल, पाटीवर ‘पंक्चर’ चुकीचं लिहिलेलं असेल. खऱ्या पाट्यांवर तरी कुठे बरोबर असतं?

गॅरेजातल्या दिव्यांच्या बाबतीत मात्र मी मोकळीक देणार नाही. एलईडीसाठी नाण्याएवढे चपटे सेल सर्रास वापरतात. घरात लहान भावंड असेल तर ते आणूच नका. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते; नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठायचं. झाकणाला स्क्रू असलेली पेन्सिल सेलची डबी घ्या, तेवढंच काम होतं.

गॅरेज झालं की त्याचा फोटो काढायचीही एक कला आहे, आणि ती मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकन माणसाचे फोटो दाखवून शिकवा. 1:24च्या गाड्या आणि स्वतः केलेली घरं-दुकानं तो उघड्यावर टेबलावर मांडायचा, मागे खरी झाडं, खरे रस्ते यायचे, आणि साध्या छोट्या कॅमेऱ्यातून जुनं गाव उभं राहायचं. एल्गिन पार्क असं त्या कल्पनेतल्या गावाचं नाव. तो 2018मध्ये गेला. तुमच्या मुलाने खोकं गच्चीच्या कठड्याजवळ टेबलावर ठेवावं आणि मोबाइल त्या कागदी मेकॅनिकच्या डोळ्यांइतका खाली आणावा. फोटो वरून काढला की खेळणं दिसतं, खालून काढला की गॅरेज. वारा असेल तर नको; पत्रा उडतो. कठड्यावर वाकायचं नाही, हे आधीच बजावा.

आणि दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देऊन टाकू नका. कपाटावर जागा करा, वर जुन्या साडीचा तुकडा टाका. धूळ झटकायला रंगाचा जुना मऊ ब्रश चालतो. फडक्याने पुसलंत तर गंज निघून जाईल.