पातळ लाकूड घरी कापताना

थानाला कात्री लावण्यापूर्वी आम्ही कापडवाले ताण्याची दिशा पाहतो. लाकडाच्या उभ्या रेषांचेही तसेच. नक्षीतली बारीक दांडी रेषांना आडवी आली तर ती तुटलीच समजा.

घरी नावाच्या पाट्या किंवा किमतीच्या चिठ्ठ्या कापून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या भगिनींनी आधी यंत्र पारखावे. क्रिकट कंपनीच्या २०१७ साली आलेल्या 'मेकर'मध्ये नाइफ ब्लेड बसते, 'एक्सप्लोर'मध्ये बसत नाही. दुकानदार हा फरक सांगेलच असे नाही, आणि भांडवल तिथेच अडकते.

लाकूड बाल्सा किंवा बासवुड घ्यावे, जाडी २.४ मिलिमीटरच्या आत. ते जांभळ्या, जास्त चिकट मॅटवर दाबून कडांना चिकटपट्टी लावावी. दांड्यावरच्या पांढऱ्या चकत्या उजवीकडे सरकवाव्यात, नाहीतर मऊ बाल्सावर वळ उमटतात. पाते एकदम आरपार जात नाही. त्याच जागेवरून अनेक फेऱ्या मारते. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे. फेऱ्या संपल्या तरी मॅट लगेच काढू नये. कोपरा हलकेच उचलून पाहावा, तुकडा सुटला नसेल तर पुन्हा बटण दाबावे. मॅट एकदा बाहेर आली की काप नेमका जुळवणे कठीण, आणि महागडी फळी वाया जाते.