तानपुरा कुठे वाजतो?

प्रश्न : माझ्याकडे कानांवर बसणारा मोठा हेडफोन आहे आणि मुलाने दिलेले इन-इअर मॉनिटरही आहेत. एकच ख्याल दोन्हींवर ऐकला, तर मोठ्या हेडफोनवर तानपुरा आजूबाजूला पसरलेला वाटतो आणि इन-इअरवर तो थेट डोक्यात वाजतो. डग्गा मात्र इन-इअरवर जास्त भरीव लागतो. यातला खरा आवाज कोणता?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोचेतो कानाने त्याला बराच बदललेला असतो. कानाच्या बाहेरच्या वळणदार भागावर आपटून वरच्या पट्टीतल्या लहरींत बारीक फेरफार होतात आणि त्यांवरून मेंदू दिशा ओळखतो. ही वळणं प्रत्येकाची वेगळी. पुढची सुमारे अडीच सेंटिमीटरची नळी 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपणहून उचलून धरते.

मोठ्या हेडफोनचा आवाज यातल्या बऱ्याचशा वाटेने जातो. त्यातून तो पाठीमागून उघडा, म्हणजे ओपन-बॅक असेल, तर जास्तच मोकळा वाटतो. इन-इअर मॉनिटर बाहेरचा कान वगळून थेट नळीत शिरतो. नळीचं तोंड बुजलं की तिचा तो नैसर्गिक उठावही जातो. तो बनवणाऱ्याला आवाजात मुद्दाम घालावा लागतो आणि तो घालताना त्याच्यासमोर तुमचा कान नसतो, सरासरी कान असतो. तानपुरा डोक्यात शिरतो त्याचं मोठं कारण हे. तसं पाहिलं तर मोठ्या हेडफोनवरही डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानाला मिळत नाही, त्यामुळे बैठकीत समोर बसून ऐकल्याचा भास तोही पुरता देऊ शकत नाही.

आता डग्गा. इन-इअरचा पडदा अनेकदा जेमतेम 10 मिलिमीटरचा, मोठ्या हेडफोनचा 40 ते 50 मिलिमीटरचा. तरी खर्ज इन-इअरवर भरून येतो, कारण त्याला बंद नळीतली चिमूटभर हवाच हलवायची असते. अट एकच : नळी पक्की बंद हवी. टिप जरा सैल बसली की खालचे सूर आधी गळतात. डग्ग्यावरची घिस्सा-मींड चालू असताना मॉनिटर बोटाने अलगद आत दाबून पाहा. डग्गा एकदम फुगला, तर आधीची टिप लहान होती. मोठ्या हेडफोनच्या गादीखाली चष्म्याची काडी आली की तिथेही फट पडते आणि डग्गा पातळ होतो.

‘स’ आणि ‘छ’ टोचत असतील, तर तेही बऱ्याचदा टिपेचंच काम असतं. बंद नळीत साधारण 7–8 हजार हर्ट्झला एक नवा उंचवटा तयार होतो आणि मॉनिटर किती आत बसला आहे त्यावर तो सरकतो. म्हणून महागडा संच घेण्याआधी वेगवेगळ्या मापांच्या टिपा लावून बघाव्यात, असं मी आग्रहाने सांगेन. कितीतरी चांगले मॉनिटर चुकीच्या टिपेपायी बदनाम होतात.

तेव्हा खरा आवाज दोहोंपैकी एकाचाच, असं म्हणता येत नाही. पण घरी, शांततेत ख्याल ऐकायचा असेल, तर मी बिनदिक्कत ओपन-बॅक हेडफोन उचलेन. जवारीतून सुटणारे स्वर गायकाच्या मागे वेगळे उभे राहतात, ते सुख इन-इअरवर मला मिळत नाही. लोकलमध्ये किंवा एसटीत मात्र इन-इअरच. बाहेरचा गोंगाट तो अडवतो, म्हणून आवाज चढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ही मर्यादा सांगितली आहे. धावत्या गाडीत उघड्या हेडफोनवर ऐकायला गेलात, तर त्या पातळीपलीकडे कधी गेलात ते कळणारही नाही. रस्त्याने चालताना मात्र इन-इअर खिशातच ठेवा, मागून येणारी गाडी ऐकू आली पाहिजे.