आठ दिवे लागले, पण केबल चांगली आहे का?

संगणकांच्या जाळ्याची केबल टाकणाऱ्या छोट्या व्यावसायिकाकडे बहुधा एक स्वस्त परीक्षक असतो. केबलच्या दोन टोकांना त्याचे दोन भाग जोडले, की १ ते ८ दिवे ओळीने लागतात. तारा अखंड आहेत आणि त्यांचा क्रम बरोबर आहे, एवढेच त्यावरून कळते.

या आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. (या युक्तीचे एकस्व ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये घेतले, तेही टेलिफोनसाठी!) जोडीतील तारांतून प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात. पिळामुळे बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांत जवळजवळ सारखा येतो आणि वजाबाकीत निघून जातो. प्लगमध्ये एक जोडी ३ व ६ या जागी हवी. समजा, कारागिराने दोन्ही टोकांना जोड्या १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा सरळ बसवल्या. दिवे ओळीनेच लागतील! पण ३ व ६ वरील तारा आता वेगवेगळ्या पिळांतील आहेत. जाळे रडतखडत चालेल.

म्हणून फुटलेली जोडी ओळखणारा परीक्षक घ्यावा. लांबी मोजणारा असल्यास उत्तम. तो तारेत एक स्पंद सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी टिपतो. केबलमध्ये स्पंदाचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे सेकंदाला २० कोटी मीटर असतो. प्रतिध्वनी ३०० नॅनोसेकंदांनी आला, तर जाऊन-येऊन अंतर ६० मीटर, म्हणजे दोष ३० मीटरवर. तार तुटली असेल तर प्रतिध्वनी सुलटा येतो, जोडीतील तारा एकमेकींना टेकल्या असतील तर उलटा. का बरे? दोरीला झटका देऊन, तिचे दुसरे टोक एकदा मोकळे व एकदा बांधून पाहा.