बसून काम, पण आराम नाही : यंत्र चालवणाऱ्याच्या शरीराची देखभाल

पूर्वी आपल्या वस्तीतून रस्त्याच्या कामावर जाणारा माणूस टोपले-फावडे घेऊन जायचा. आज त्याच घरातला मुलगा जेसीबी, पोकलेन, रोलर नाहीतर ग्रेडर चालवतो. सेलू तालुक्याने हा बदल जवळून पाहिला आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्यातला साठेक किलोमीटरचा भाग वर्धा जिल्ह्यातून जातो. हा रस्ता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधून घेतला. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. महामार्ग संपला तरी यंत्राचे काम संपत नाही. बोर धरणाचे कालवे आहेत, सार्वजनिक बांधकाम विभागाचे रस्ते आहेत, तलावातला गाळ आहे.

या कामांवर दोन प्रकारचे ऑपरेटर दिसतात. जलसंपदा विभागाच्या यांत्रिकी शाखेसारख्या ठिकाणी ते सरकारी नोकर असतात. बहुतेक कामांवर मात्र काम सरकारचे, यंत्र ठेकेदाराचे आणि ऑपरेटर रोजावर किंवा महिन्यावर. पगार वेगळा, सुट्टी वेगळी. सीटवर बसणारे शरीर मात्र दोघांचे सारखेच.

वस्तीत रक्तदाब तपासताना या घरांतून एकच वाक्य ऐकू येते : “ते त दिवसभर बसूनच असते, त्याले काय होते?” हाच गैरसमज या लेखातून दूर करायचा आहे. यंत्राला तासाचा मीटर असतो. ठरलेले तास भरले की ऑइल, फिल्टर बदलतात आणि वहीत नोंद होते. यंत्र चालवणाऱ्याच्या शरीराची अशी नोंद कोणी ठेवत नाही. ती आपण ठेवायची आहे.

कंबर : हादरे मोजले जात नाहीत, पण साठतात

आपल्या मणक्याच्या दोन हाडांमध्ये मऊ गादी असते. या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शरीराची हालचाल झाली की ती आजूबाजूचे द्रव शोषते आणि त्यावरच तिचे पोषण होते. माणूस तासन् तास एका जागी बसला की गादी दबलेली राहते. त्यात यंत्राचे हादरे येतात. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त दाद देते, म्हणजे तेवढ्या गतीचा हादरा शरीरात शिरून मोठा होतो. खडबडीत जमिनीवर चालणारे डोझर, लोडर, डंपर नेमके असेच हादरे देतात. म्हणून चाळिशीच्या आतच कंबर धरते आणि मांडीपर्यंत कळ जाते.

उपाय साधे आहेत :

• सीटखाली वजनानुसार लावायची कळ असेल तर ती आपल्या वजनावर लावा. आधीचा ऑपरेटर ९० किलोचा आणि आपण ६० किलोचे असलो तर तीच सीट आपल्याला उसळवते. सीटचा स्प्रिंग गेला असेल तर बिघाड म्हणून वहीत लिहून द्या.
• खड्ड्यांतून जाताना वेग कमी ठेवा. वेग वाढला की हादरा वाढतो.
• दर तासाला दोन-तीन मिनिटे खाली उतरून चाला.
• उडी मारून उतरू नका. यंत्राकडे तोंड करून, दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात टेकलेले ठेवून उतरा. गुडघे आणि घोटे वाचतात.
• उतरल्या उतरल्या डिझेलचा कॅन किंवा बकेटचा दात उचलू नका. खूप वेळ बसल्यावर पाठीचे स्नायू सैल पडलेले असतात. पाच मिनिटे चालून मग वजन उचला.

कंबरदुखीत तीन खुणा धोक्याच्या आहेत : पायातली ताकद कमी होणे, लघवी-शौचाच्या जागेभोवती बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे. यातली एकही दिसली तर मालीश, पट्टा, झाडपाला यांत वेळ घालवू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. उशीर झाला तर पाय कायमचे अधू होऊ शकतात.

ऊन, पाणी आणि दुखण्याची गोळी

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. काचेच्या केबिनमध्ये एसी बंद असला तर आतली उष्णता बाहेरच्यापेक्षा जास्त असते. खाली इंजिन तापलेले असते. अशा वेळी पाणी भरपूर लागते, पण साइटवर लघवीला जागा नसते म्हणून किंवा काम थांबवले तर सुपरवायझर बोलतो म्हणून पाणीच कमी प्यायले जाते. मग लघवी गडद होते, जळजळ होते, पुढे मुतखडा होतो.

याच्या जोडीला येते मेडिकलमधून घेतलेली दुखण्याची गोळी. कंबर दुखते म्हणून रोज एक डायक्लोफेनॅक घ्यायची आणि कामावर जायचे, अशी सवय अनेकांना आहे. ही गोळी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करते. अंगात पाणी कमी असताना ती रोज घेतली तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रक्तदाब वाढतो, पोटात जखम होते. कमी पाणी, जास्त ऊन आणि रोजची गोळी हे तीन एकत्र येऊ देऊ नका. चार-पाच दिवसांच्या वर गोळी लागत असेल तर ती डॉक्टरांनीच ठरवायची.

उन्हात काम करताना दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी प्या. तहान लागण्याची वाट पाहू नका. घाम फार गेला तर ओआरएसचे पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात मिसळा आणि ते २४ तासांत संपवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक, कैरीचे पन्हे चांगलेच. ज्यांना रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मीठ-पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

लघवीचा रंग पाहायला शिका. फिकट पिवळा म्हणजे पाणी पुरेसे आहे. गडद पिवळा किंवा चहासारखा म्हणजे पाणी कमी पडते आहे. पाणी पिऊनही रंग चहासारखाच राहिला तर तपासणी करा.

एखादा माणूस उन्हात बरळायला लागला, तोल गेला, अंग चटका बसेल इतके तापले तर तो उष्माघात समजा. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत ओले थंड कापड ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

कान : घरच्यांना आधी कळते

हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तिथला आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असे समजा. दिवसाचे आठ तास, वर्षानुवर्षे असा आवाज ऐकला की कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत, औषधानेही येत नाहीत. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. म्हणून बायकोचे आणि लेकरांचे बोलणे आधी अस्पष्ट होते, पुरुषांचे नंतर. घरात टीव्हीचा आवाज वाढत गेला, रात्री कानात शिट्टी वाजू लागली, की कान तपासा.

कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत. फोमचे इअरप्लग स्वस्त असतात. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, प्लग आत घाला आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. मोबाइलची गाणी कानात लावून यंत्र चालवू नका. त्याने आवाजात भर पडते आणि मागच्या माणसाची हाक ऐकू येत नाही.

धूळ आणि धूर

मुरूम, दगडाची भुकटी आणि खडक फोडताना उडणारी बारीक धूळ फुफ्फुसात खोल जाते. गमछा मोठी धूळ अडवतो, बारीक नाही. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो. केबिनच्या काचा बंद ठेवा, फिल्टर तोंडाजवळ धरून झटकू नका, ब्रेकर चालण्याआधी पाणी मारायला सांगा. दगडाच्या धुळीत काम करणाऱ्यांना क्षयरोगाचा धोका जास्त असतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर सेलूच्या ग्रामीण रुग्णालयात थुंकी तपासा. ही तपासणी मोफत आहे.

डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. इंजिन सुरू ठेवून बंद जागेत विश्रांती घेऊ नका.

झोप आणि खर्रा

सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचे हात आणि डोळे, थोडी दारू घेतलेल्या माणसाइतकेच मंद चालतात. रात्रपाळी करून सकाळी लग्नाला जायचे आणि संध्याकाळी पुन्हा सीटवर बसायचे, हे यंत्राजवळच्या प्रत्येकाच्या जिवाशी खेळणे आहे. डुलकी येत असेल तर यंत्र बंद करून वीस मिनिटे झोपलेले बरे.

झोप उडवण्यासाठी आपल्याकडे खर्रा चालतो. त्यातली सुपारी तोंडाचे आतले अस्तर ताठ करते, तंबाखू कर्करोगाला वाट करून देतो. आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक तोंडात घालून पाहा. ती मावत नसतील, तिखट झोंबत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल तर दंतवैद्याला दाखवा. खर्रा हळूहळू कमी करीन म्हणणाऱ्यापेक्षा तारीख ठरवून बंद करणाऱ्याचा सुटण्याचा संभव जास्त.

यंत्राभोवतीची माणसे

यंत्राच्या सावलीत जेवू नका, झोपू नका, हेल्परलाही झोपू देऊ नका. मागे घेताना ऑपरेटरला चाकाखालचा माणूस दिसत नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूरजवळ समृद्धीच्याच पुलावर गर्डर ठेवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जण गेले. मोठ्या यंत्राजवळ चूक कोणाचीही असो, जीव खाली उभ्या माणसाचा जातो.

हक्काच्या गोष्टी

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ साली कारखान्यातला कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. पुढे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने साइटवर पिण्याचे पाणी, शौचालय आणि जादा तासांना दुप्पट दर या गोष्टी मालकावर बंधनकारक केल्या. म्हणून पाणी आणि आडोसा मागणे म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्या ऑपरेटरने वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. वय १८ ते ६० लागते. आवाजाने आलेला बहिरेपणा नुकसानभरपाईच्या कायद्याने मान्य केलेला कामाचा आजार आहे. पण ‘हा कामामुळेच झाला’ हे कागदावर दाखवावे लागते. कागद मात्र दुखणे वाढल्यावर तयार होत नाही, आधीपासून ठेवावा लागतो.

माणसाचे लॉगबुक

एक शंभर पानी वही घ्या. ऑपरेटर दमून येतो, म्हणून ती घरातल्या लिहित्या मुलीने किंवा मुलाने सांभाळावी. तिच्यात एवढेच लिहा :

१. रोज : कोणते यंत्र, किती तास, दिवस की रात्र, कुठली साइट, ठेकेदार किंवा विभागाचे नाव.
२. आठवड्याला : कंबर, मान, गुडघा कुठे दुखला, दुखण्याच्या किती गोळ्या घेतल्या.
३. तीन महिन्यांना : रक्तदाब, वजन, पोटाचा घेर.
४. वर्षाला : रक्तातील साखर, क्रिएटिनिन, डोळे आणि कानाची तपासणी. कानाचे यंत्र जवळ नसेल तर वर्ध्याचे सामान्य रुग्णालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर उपाशीपोटी सीटवर बसू नका. साखर एकदम उतरली तर घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांसमोर अंधारी येते. खिशात साखर किंवा गूळ ठेवा आणि हेल्परला हे सांगून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना ही वही बरोबर न्या. गर्दीच्या ओपीडीत ‘कंबर दुखते’ एवढे सांगितले तर गोळी मिळते. ‘आठ वर्षे रोलर चालवतो, रोज दहा तास, डाव्या पायाला मुंग्या येतात’ असे सांगितले तर तपासणी होते. आपला पेशा केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. तो केसपेपर वहीत चिकटवा आणि आज रात्रीपासूनच पहिल्या पानावर यंत्राचे नाव आणि तास लिहायला सुरुवात करा.