विचारपूस

मनुष्य हा समाजप्रिय प्राणी आहे. सुखदुःखाच्या गोष्टी चार माणसांत बोलल्यावाचून त्याला चैन पडत नाही. परंतु संसर्गजन्य रोगाची साथ आली, की त्याच्यावर मोठा कठीण प्रसंग ओढवतो. जवळ जावे तर रोग पसरतो, आणि दूर राहावे तर मन झुरते. रोगाला जो उपाय, तोच मनाला जाच! या पेचातून वाट कशी काढावी? 2020 साली केरळ राज्याने काढलेली वाट या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

केरळला या प्रश्नाची जाणीव आधीच झाली होती. 2018 च्या मे महिन्यात तेथील कोझिकोड व मलप्पुरम या जिल्ह्यांत निपाह नावाच्या भयंकर रोगाने डोके वर काढले. त्या वेळी रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या शेजारी बसमध्ये बसण्यास लोक भिऊ लागले. रिक्षावाले त्यांना घेईनासे झाले. ज्यांनी जीव धोक्यात घालून सेवा केली, त्यांच्याच वाट्याला हा दुरावा आला. साथ ओसरली; पण रोगाप्रमाणे भीतीही माणसाला घायाळ करते, हा धडा मागे राहिला.

पुढे 30 जानेवारी 2020 रोजी भारतातील कोविडचा पहिला रुग्ण केरळमध्येच आढळला. बाधित व्यक्तींच्या सहवासात आलेल्यांना कित्येक दिवस घरातच वेगळे राहावे लागे. दाराशी कोणी येत नसे, शेजारी संशयाने पाहत. अशा लोकांसाठी तेथील आरोग्य खात्याने एक उपक्रम सुरू केला. त्याचे मल्याळम नाव ‘ओट्टय्क्कल्ल, ओप्पमुंड’ असे होते. ‘तुम्ही एकटे नाही, आम्ही सोबत आहोत’ हा त्याचा अर्थ.

या उपक्रमात मनोविकारतज्ज्ञ, समाजसेवक व समुपदेशक वेगळ्या राहणाऱ्या लोकांना आपण होऊन दूरध्वनी करीत. झोप लागते का, जेवण जाते का, मनात कसली भीती आहे, अशी ते आपुलकीने चौकशी करीत आणि समोरच्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेत. ज्याला औषधोपचाराची गरज भासे, त्याची गाठ डॉक्टरांशी घालून देत. एकाकी वृद्ध, परप्रांतांतून आलेले मजूर आणि स्वतः थकलेले आरोग्यसेवक यांचाही विचार या कामात केला गेला.

पण मनाची काळजी केवळ शब्दांनी घेता येत नाही. ज्या घरातील चूल पेटली नाही, तेथे धीराच्या गोष्टी पोकळच ठरावयाच्या! म्हणून अंगणवाड्या बंद झाल्यावर तेथील बालकांचा आहार घरपोच दिला गेला. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा ग्रामपंचायती व नगरपालिका यांनी ‘कुटुंबश्री’ या महिलांच्या संघटनेच्या साहाय्याने सामूहिक स्वयंपाकघरे चालविली. निराधारांच्या हाती अन्नाची पुडकी पडली, आणि त्यांबरोबरच आपली कोणाला तरी आठवण आहे हा दिलासाही पोहोचला.

मुलांचे दुःख तर अनेकदा मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. शाळा बंद, मित्र दूर आणि घरात चिंतेचे वातावरण, अशा वेळी मूल अबोल होते किंवा उगाच चिडते. हे ओळखून केरळच्या पोलिसांनी जुलै 2020 मध्ये मुलांसाठी ‘चिरी’ नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली. ‘चिरी’ म्हणजे हसू. या कामात तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली शाळकरी मुलामुलींनीही हातभार लावला.

मन दुखावणे हा दुबळेपणा नव्हे. ताप आला असता आपण तो लपवीत नाही. तसेच मनाचे दुखणेही आईवडिलांना किंवा गुरुजनांना मोकळेपणी सांगावे. 10 ऑक्टोबर 2022 पासून आपल्या देशात ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा सुरू झाली आहे. 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. पण शेजारचे घर मुके झाले असता, ‘कसे आहात?’ असे विचारण्यासाठी कोणत्याही क्रमांकाची गरज नसते.

स्वाध्याय
1. ‘रोगाला जो उपाय, तोच मनाला जाच’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
2. निपाहच्या साथीत परिचारिकांना कोणता अनुभव आला?
3. धीराच्या शब्दांबरोबर अन्नाचीही व्यवस्था का करावी लागली?